नावापुढची नोंद

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ तरुण माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात शिरले. वाडीत पानवेली आणि केळी जोपासणाऱ्या आजोबांचा नातू आज वसईहून लोकल गाडी पकडून अंधेरीच्या किंवा ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत जातो. त्यांतील काही जण आता चाळिशी-पन्नाशीला येऊन मोठ्या हुद्द्यांवर पोहोचले आहेत. सणाच्या वर्गणीची यादी करताना आम्हां धर्मगुरूंना त्यांचीच नावे आधी आठवतात, हेही खरे. अशाच एका गृहस्थांची आणि त्यांच्या निमित्ताने माझी स्वतःची गोष्ट येथे सांगावयाची आहे. ती प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेली नाही, धर्मगुरू-निवासाच्या बैठकीच्या खोलीत घडलेली आहे. त्या गृहस्थांनी ती लिहिण्यास परवानगीही दिली आहे. नाव मात्र मीच वगळले आहे.

२०१८ साली हे गृहस्थ मला आपल्या व्यवसायबंधूंच्या एका मेळाव्यास घेऊन गेले. अंधेरीच्या एका हॉटेलात निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणक विभागांचे प्रमुख शनिवारी सकाळी जमणार होते, आणि नेतृत्व व मूल्ये या विषयावर मी दहा मिनिटे बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. दाराशी एका मुलीने माझ्या गळ्यात नावाची पट्टी अडकवली. चहाच्या वेळी पाहतो तो, प्रत्येक जण एका हाताने हस्तांदोलन करी आणि दुसऱ्या हाताने कार्ड पुढे करी. अर्ध्या तासात माझ्या झग्याच्या खिशात सतरा कार्डे जमली. माझ्याजवळ देण्यासारखे कार्ड नव्हते. शेवटी एकाला मी प्रार्थनापुस्तकातील संत अंतोनीचे छोटे चित्र दिले. त्याने ते आदराने घेतले आणि मागे फोन नंबर आहे का, ते उलटून पाहिले.

प्रारंभी मला तो सारा प्रकार बाजारासारखा वाटला. परंतु दुपारपर्यंत माझे मत बदलले. एका कंपनीच्या संगणकयंत्रणेत आज जो बिघाड होतो, तो उद्या दुसरीच्या दारात उभा असतो. ज्याने तो आधी भोगला, त्याला रात्री-अपरात्री फोन करता आला, तर दुसऱ्याचे मोठे नुकसान टळते. म्हणून अशा संस्था फार पूर्वीपासून आहेत. आपल्या देशात कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे. अमेरिकेत या क्षेत्रातील अधिकाऱ्यांची संस्था १९६८ साली निघाली. सोसायटी फॉर इन्फर्मेशन मॅनेजमेंट हे तिचे आजचे नाव. १९९२ पासून ती नेतृत्वाचे एक शिक्षण चालवते. त्यात निरनिराळ्या कंपन्यांतील माणसे काही महिने पुस्तके वाचतात, ठरावीक दिवशी एकत्र बसतात आणि वाचलेल्यावर चर्चा करतात. हे ऐकून मला आमच्या सेमिनरीतील आध्यात्मिक वाचनाची आणि एकांतवासाची आठवण झाली.

अशा शिक्षणाची गरज का पडते, हेही त्या दिवशी उमगले. यंत्राचे काम उत्तम करणाऱ्या माणसाला बढती मिळते आणि एका सकाळी त्याच्या हाताखाली चाळीस माणसे येतात. त्यांचे रुसवे, त्यांची आजारपणे, त्यांच्या महत्त्वाकांक्षा यांविषयी त्याला कोणी काहीच शिकवलेले नसते. मला हे पटावयास वेळ लागला नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. परंतु धर्मग्राममंडळाची सभा दोन तासांत कशी संपवावी, हे मला अजून जमलेले नाही.

माझ्या दहा मिनिटांत मी निर्गम ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील इथ्रोची गोष्ट सांगितली. मोशे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसलेला त्याच्या सासऱ्याने पाहिला. असे केल्याने तू थकशील आणि लोकही थकतील, असे त्याने जावयाला बजावले. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेमावयास त्याने सांगितले. मोशेने ते ऐकले. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकाने विचारले, "फादर, तुमच्याकडे जावयांची सोय नाही, मग तुम्हांला असे सुनावतो कोण?" सगळे हसले, मीही हसलो. त्या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षांनी मिळावयाचे होते.

२०२२ च्या अखेरीपासून जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांनी या क्षेत्रात नोकरकपात सुरू केली. वर्तमानपत्रांतून मी ते वाचत होतो. परंतु ते दूरचे वाटत होते. २०२३ मध्ये आमच्या सणाच्या नोव्हेनापूर्वी एका संध्याकाळी हे गृहस्थ भेटावयास आले. काही वेळ पावसापाण्याचे बोलून ते म्हणाले, "फादर, यंदा मंडपाचा खर्च माझ्याकडून होणार नाही. चार महिने झाले, मी घरीच आहे."

चार महिने! प्रत्येक रविवारी ते तिसऱ्या बाकावर बसत होते, आणि मिस्सानंतर मी पायरीवर त्यांच्याशी हात मिळवीत होतो. "तुम्ही कोणाला काही सांगितले नाही?" मी विचारले.

"आमच्या वर्तुळात सर्वांना आपण यशस्वीच दिसावे लागते, फादर. चारशे माणसांची नावे जवळ आहेत. नऊ जणांना फोन केले, तेही इकडचे-तिकडचे बोलून ठेवून दिले. नोकरी गेली, हे वाक्य तोंडातून फुटले नाही."

निघताना ते म्हणाले, "माझा नंबर बदलला आहे. जुना कंपनीचा होता, तो परत द्यावा लागला. नवा लिहून घ्या." मी मोबाईल काढला, त्यांचे नाव शोधले आणि जुना नंबर पुसावयास गेलो. ते शेजारीच वाकून उभे होते. पडद्यावर त्यांचे नाव होते, आणि नावापुढे मीच कधीतरी केलेली नोंद होती : मंडप – देणगी.

त्यांनी ती वाचली. काही बोलले नाहीत. किंचित हसले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

मला त्या क्षणी अंधेरीच्या त्या हॉटेलातील प्रश्न आठवला. ज्या देवाणघेवाणीला मी मनातल्या मनात बाजार म्हणालो होतो, तीच मी ख्रिस्तमंदिराच्या आवारात वर्षानुवर्षे करीत आलो होतो. फरक एवढाच, की माझ्या गळ्यात नावाची पट्टी नव्हती. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, माझ्याही यादीत तुम्ही असेच आहात. तुमच्या नावापुढे 'शाळाप्रवेश' आहे." त्यानंतर आम्ही दोघेही मोकळे झालो, आणि खरे बोलणे त्यानंतरच सुरू झाले.

त्या मेळाव्यात एका वक्त्याने मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ सालच्या निबंधाचा उल्लेख केला होता, आणि मी तो पुढे मिळवून वाचला होता. बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या माणसांची त्याने पाहणी केली. त्यांपैकी दर शंभरांत सुमारे १७ जणांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५५ हून अधिक जणांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, तर सुमारे २८ जणांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण साधे आहे. जिवलग माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दूरच्या ओळखीतून. हे मी त्यांना सांगितले आणि म्हणालो, "नऊ जण जवळचे होते. आता दूरच्यांना फोन करा, आणि ते वाक्य आधी उच्चारा."

"हा वशिला नाही का होणार?" त्यांनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. मला वाटते, दोहोंतील भेद ओळखता येतो. वशिला लायक माणसाला बाजूला सारून आपल्या माणसाला आत घेतो. ओळख एवढेच सांगते, की अमुक ठिकाणी दार आहे. आत कोणी जावे, ते पारख करणाऱ्यावर सोडते. १९१८ साली वसईच्या आपल्या शेतकऱ्यांसाठी धर्मगुरूंच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक बँक उभी राहिली, तीही ओळखीच्याच बळावर. शेजारी शेजाऱ्याला जामीन राहिला. त्यात कोणाच्या ताटातले हिसकावले गेले नाही.

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून फोन केले. कित्येकांनी उचलले नाहीत. काहींनी गोड बोलून विषय बदलला. सव्वा महिन्यानंतर एका बाईंनी त्यांना एका रुग्णालयाच्या संगणक विभागातील जागेविषयी कळवले. या बाईंना ते उभ्या आयुष्यात दोनदाच भेटले होते. परंतु बाईंना एक रात्र आठवत होती. २०११ साली त्यांची यंत्रणा कोलमडली होती, तेव्हा दुसऱ्या कंपनीत असूनही हे गृहस्थ पहाटे तीनपर्यंत फोनवर त्यांना वाट दाखवीत राहिले होते. ते स्वतः हे विसरून गेले होते. रुग्णालयाने रीतसर मुलाखती घेतल्या आणि त्यांना निवडले. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. मोटार विकावी लागली.

ही हकिकत ऐकली, त्या रात्री मी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला. सेमिनरीत असताना हा अध्याय मला कंटाळवाणा वाटे, कारण तो बहुतांशी नुसती नावांची यादी आहे. आता तो मी नव्याने वाचला. पौलाची ओळखपाळख दांडगी होती, आणि तिची सुरुवात कधीकधी व्यवसायातूनही झाली. रोममधून घालवून दिलेले अक्विला आणि प्रिस्किल्ला त्याला करिंथ येथे भेटले. तेही तंबू बनवणारे, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला व काम करू लागला. पत्रात पुष्कळ नावांपुढे पौल काही ना काही नोंद करतो. या दोघांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. फिबी पुष्कळांच्या मदतीला धावली. पेर्सिसने फार श्रम केले. रूफाची आई मलाही आईच झाली. सरकारी हुद्दा म्हणाल तर संपूर्ण यादीत एकाचाच आला आहे, नगराचा खजिनदार एरास्त याचा, आणि तोही अगदी शेवटी.

नेतृत्वविकासाच्या वर्गांत आज ज्याचे नाव नेहमी घेतले जाते, तो रॉबर्ट ग्रीनलीफ याच वाटेने गेला असे मला दिसते. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीत, म्हणजे एटी अँड टीमध्ये, ३८ वर्षे नोकरी करून तो १९६४ साली निवृत्त झाला. १९७० साली त्याने सेवक हाच नेता, असे सांगणारा निबंध लिहिला. हेर्मान हेसे याच्या एका कादंबरीतील लिओ हा नोकर त्याच्या डोळ्यांपुढे होता; तो नाहीसा होताच यात्रेकरूंचा तांडा मोडून पडतो. ग्रीनलीफची कसोटी अशी, की नेत्याच्या सहवासात त्याच्या हाताखालची माणसे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र होतात की नाही, ते पाहावे. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची उभारणी करणारे फकीरचंद कोहली यांनी उतारवयात संगणकाच्या साहाय्याने प्रौढांना वाचावयास शिकवण्याचा ध्यास घेतला होता. २०२० साली ते निवर्तले. ज्यांच्याकडून काहीच परत मिळावयाचे नाही, त्यांच्यासाठी ही धडपड होती. पाय धुणाऱ्या गुरूचे शिष्य म्हणवणाऱ्या आम्हांला हे निराळे सांगावयास नको होते. पण मला सांगावे लागले.

आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या सभागृहात एक बैठक भरते. ती या गृहस्थांनीच सुरू केली. संगणकवाले येतात, परिचारिका येतात, बँकेतले येतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी येतात. नियम दोन आहेत. कोणी आपला हुद्दा सांगावयाचा नाही; आपण काय शिकवू शकतो आणि आपल्याला काय हवे आहे, एवढेच सांगावयाचे. आणि नोकरीची वार्ता सर्वांसमक्ष द्यावयाची, कानात नाही. पहिल्या वेळी सात जण आले, त्यांतले दोघे चहासाठी. तिसऱ्या बैठकीत एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "माझी नोकरी गेली आहे." सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "कोणते काम करत होता तुम्ही?"

मीही माझे घर झाडावयास घेतले आहे. मोबाईलमधील नावे एकेक करून उघडतो. वायरमन, बँडवाला, नगरपालिका, या नोंदी तशाच ठेवल्या. त्या कामाच्याच आहेत. परंतु 'वर्गणी', 'बस मिळेल', 'आमदाराचे ओळखीचे' अशा नोंदी पुसून तेथे दुसरे काहीतरी लिहावे, असा प्रयत्न चालू आहे. त्या गृहस्थांच्या नावापुढे आता आहे : रात्री तीनपर्यंत फोनवर. काही नावांपाशी मात्र मी अडतो. गेली सहा वर्षे ज्यांच्याकडून सणाला देणगी घेतली, त्या एका कुटुंबाविषयी देणगीपलीकडे लिहावयास माझ्याजवळ एक ओळही निघाली नाही. येत्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी जावयाचे ठरवले आहे. पावतीपुस्तक न घेता.