टर्बोपर्यंतचा हातभर रस्ता

टर्बो केवढा, बूस्ट किती, इंटरकूलर कुठला, यावर गाडीवेडी पोरं रात्र रात्र बोलतात. मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांचा धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या भागाचा, विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: चारही पाइप सारख्या लांबीचे, स्टेनलेसचे, चकचकीत. माझं मत वेगळं आहे. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आखूड, बिडाचा, दिसायला ओबडधोबड मॅनिफोल्डच बहुतेक वेळा योग्य. अपवाद आहेत, पण ते सिलिंडरांची संख्या आणि गाडीचा वापर यांवरून ठरतात.

*

आधी अंश मोजावेत. फोर-स्ट्रोक इंजिनाचं चक्र क्रँकच्या 720 अंशांत पुरं होतं. चार सिलिंडर असले की दर 180 अंशांनी एकाचा धूर सुटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र साधारण 230 ते 250 अंश उघडा असतो. म्हणजे एकाचा मिटायच्या आत दुसऱ्याचा उघडलेला. चारही तोंडं एकाच आडव्या पोकळीत येत असतील, म्हणजे लॉग मॅनिफोल्ड असेल, तर नव्या सिलिंडरचा दाबाचा ठोका आधीच्या सिलिंडरमध्ये मागे शिरतो. जळका वायू आतच राहतो, पुढचं मिश्रण तापतं, नॉकिंग टाळायला ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. लॉगचा हा दोष खरा आहे, तो लपवू नये.

*

उपाय जोड्या लावण्याचा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असेल तर 1 आणि 4 एकत्र, 2 आणि 3 एकत्र. प्रत्येक जोडीत ठोक्यांमध्ये 360 अंशांचं अंतर मिळतं. ही वाटणी टर्बाइनच्या चाकापर्यंत टिकली पाहिजे, म्हणून टर्बोच्या हाउसिंगमध्येही मधली भिंत हवी: ट्विन-स्क्रोल. वेस्टगेटलाही, म्हणजे जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेलाही, हाच नियम. महागडा दुभागलेला मॅनिफोल्ड करून घ्यायचा आणि वेस्टगेटच्या पाइपात दोन्ही बाजू आधीच एकत्र आणायच्या, म्हणजे केलेला खर्च तिथेच गळून गेला.

कल्पना जुनी आहे. टर्बोचं 1905 चं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचं. ठोके वेगळे ठेवण्याची पद्धतही त्यांचीच, 1925 ची. सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनात 1-5-3-6-2-4 असा क्रम असतो, त्यामुळे पुढचे तीन आणि मागचे तीन अशी वाटणी सहज होते. पुण्याजवळ मोशीच्या नाक्यावर आपण ज्या अवजड गाड्यांना शिव्या घालतो, त्यांच्या जातीच्या इंजिनांत हे शहाणपण कितीतरी आधीपासून आहे.

*

तिथून जवळच्या चाकणमधलं उदाहरण. फोक्सवॅगनचा इथला कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. तिथल्या पोलोची दोन इंजिनं शेजारी ठेवावीत. 2013 ची जीटी टीएसआय: चार सिलिंडर, 1197 सीसी, 105 पीएस, 175 न्यूटन-मीटर. 2020 ची बीएस-6 वाली 1.0 टीएसआय: तीन सिलिंडर, 999 सीसी, 110 पीएस, टॉर्क तोच 175. पहिल्याचा मॅनिफोल्ड हेडच्या बाहेर. दुसऱ्याला सुटा मॅनिफोल्डच नाही. तिन्ही सिलिंडरांच्या वाटा अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्येच ओतलेल्या, भोवती कूलंट खेळतो आणि टर्बो थेट हेडवर आवळलेला. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस यांच्या 1.0 इंजिनातही तेच.

कमी सीसीतून जास्त पीएस मिळाले याचं श्रेय एकट्या मॅनिफोल्डचं नाही, टर्बोही बदलला. पण विचार पाहावा. तीन सिलिंडरांत ठोके 240 अंशांनी येतात आणि व्हॉल्व्हही जवळपास तेवढाच वेळ उघडा असतो. एकमेकांच्या वाटेत कोणी येतच नाही; ट्विन-स्क्रोलची गरज संपली. हेडमधलं पाणी वायूची धग थोडी उतरवतं, त्यामुळे जोरात चालवताना टर्बाइन वाचवायला जास्तीचं पेट्रोल कमी ओतावं लागतं. सकाळी इंजिनही लवकर तापतं. बदल्यात रेडिएटरवर भार वाढतो, आणि हौशी माणसाला बदलायला काही उरत नाही. मला हा आराखडा फार आवडतो.

*

धातू. डिझेलचा धूर 750-850 अंश सेल्सिअसपर्यंत, टर्बो पेट्रोलचा 950 ते 1050. साधं बीड या तापात पुन्हा पुन्हा फुगतं आणि तडकतं. म्हणून साधारण 4 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घातलेलं एसजी आयर्न, म्हणजे ‘सायमो’, वापरतात. डिझेलला ते पुरतं. त्याच्या वर सुमारे 35 टक्के निकेलचं बीड किंवा उष्णतारोधक स्टील, आणि निकेल आलं की भाव चढतो.

एकाच गाडीसाठी ओतून घेणं परवडत नाही. कोल्हापूरकडे, शिरोली नि गोकुळ शिरगावात, फौंड्र्या भरपूर आहेत. पण पॅटर्न, कोअर बॉक्स, मशीनिंग हा सगळा खर्च एका नगावर पडतो. म्हणून सुटं काम भोसरीच्या शॉपमध्ये पाइप वेल्ड करूनच होतं. स्टेनलेस हौशी कामात लोकप्रिय होण्याचं मोठं कारण हे आहे.

*

पाइपचाच करायचा तर: दीड इंची शेड्यूल 10 घ्यावा, भिंत 2.77 मिलिमीटर. सायलेन्सरचा पातळ पाइप नको. 304 चालतं, सतत तापणाऱ्या कामाला टायटॅनियम घातलेलं 321 चांगलं, सांध्याजवळ टिकतं. टिग करताना पाइपच्या आतून आर्गॉन सोडलाच पाहिजे, नाहीतर आतली बाजू जळून खडबडीत होते. फ्लँज जाड प्लेटला आवळूनच वेल्ड करावा. आणि टर्बोला स्वतंत्र ब्रॅकेट द्यावा.

300 मिलिमीटरचा स्टेनलेस पाइप 700 अंशांनी तापला की जवळजवळ 4 मिलिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो जागा करून घेतो: वेल्ड फाटतो किंवा स्टड तुटतो. पाइप जितके लांब, तितका हा खेळ मोठा.

*

सारख्या लांबीच्या पाइपांचा फायदा वरच्या आरपीएमवर, ट्रॅकवर. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा गाडी दीड-दोन हजार आरपीएमच्या वर जात नाही. तिथे लांब पाइप म्हणजे भरायला जास्त पोकळी आणि उष्णता गमवायला जास्त पृष्ठभाग. बूस्ट उशिरा येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश लागतात. मधला धातू वाढवला की थंड इंजिनाचा धूर तेवढा जास्त वेळ शुद्ध न होता बाहेर पडतो.

कायदाही ध्यानात असावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल. नंबर प्लेटवाल्या गाडीला हात लावण्याआधी तो वाचावा. ट्रॅकची गाडी वेगळी.

*

पाइपावर पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. धग आत राहते हे खरं, पण स्टेनलेस स्वतः आणखी तापतं आणि लवकर तडकतं. त्यापेक्षा पत्र्याची हीट शील्ड बरी, मध्ये हवेला जागा सोडून. ब्रेकची नळी आणि वायरिंग तिथून आधीच हलवून घ्यावं.