डिंभ्याचा मासा, घरचा धुंगार

मंचरहून भीमाशंकरला जाताना घोडेगावनंतर डिंभे लागते. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. ज्यांची शेते बुडाली, त्या आदिवासींपैकी काहींनी त्याच पाण्यात जाळी टाकून संसार सावरला. तेव्हा मैत्रिणींनो, इथे मासा घेताना फार घासाघीस नको!

गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकट वास काहींना खटकतो. त्यावर धुंगार नामी. रोहूचे लहान तुकडे हळद-तिखट-मीठ लावून खरपूस तळावेत, वर चिंच-गुळाचा दाट कोळ चोपडावा. पातेल्यात मधोमध वाटीत लाल निखारा ठेवून तुपाचे चार थेंब सोडावेत नि लगेच झाकावे. पाच मिनिटे पुरेत. जास्त ठेवले तर कडवटपणा येतो.