रुक्मी

पंढरपुरी म्हशीची शिंगं आधी पाहायची, मग बाकीची म्हैस. खांद्यापर्यंत तर ती येतातच, पण जातिवंत म्हशीची शिंगं पाठीला धरून मागे पार कमरेच्या हाडापर्यंत जातात. रुक्मीची तशी होती. गोठ्याच्या अरुंद दारातून आत येताना ती मान तिरकी करून आधी डावं शिंग आत घ्यायची, मग उजवं. चौकटीला शिंग घासल्याचा आवाज आम्ही कधी ऐकला नाही. तोंड लांबट आणि निमुळतं, कपाळावर पांढरा ठिपका आणि नजर अशी, की नवखा माणूस गोठ्याच्या उंबऱ्यावरच थांबायचा.

आबांनी तिला २००४ च्या कार्तिकीला आणली. आबा माळकरी. कार्तिकीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही. त्या दिवसांत पंढरपुरात जनावरांचा मोठा बाजार भरतो. कळसाचं दर्शन झालं की आबा बाजारातून एक फेरी मारायचे. त्या वर्षी ते फेरी मारून नुसते परतले नाहीत. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी आबा आणि मागे एक पहिलारू गाभण म्हैस, असे रात्री दारात उतरले. आई कंदील घेऊन बाहेर आली. म्हशीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि मगच विचारलं, "कितीला पडली वो?" पंढरपुरातून आली म्हणून नाव रुक्मिणी. हाक मारायला रुक्मी.

आमचं गाव करवीर तालुक्यात, चिखलीच्या अंगाला, पंचगंगेच्या काठाजवळ. आमच्या अंगणातून जोतिबाचा डोंगर दिसतो. आईचं कुलदैवत जोतिबा. माघातल्या रविवारी खेटे घालायला ती अनवाणी डोंगर चढायची आणि गुलालानं माखून घरी यायची. आबांचा विठोबा, आईचा जोतिबा, आणि दोघांचाही नैवेद्य एकाच चुलीवरचा. रुक्मी व्यायली की पारडू पोटभर पिऊन बाजूला झाल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस व्हायचा. त्याच्या दोन वाट्या देवापुढे जायच्या, एक आबांच्या तसबिरीतल्या विठोबापुढे, एक आईच्या जोतिबाच्या टाकापुढे. तोवर आम्हा पोरांना चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आधी पारडू, मग देव, मग आम्ही, हा क्रम त्या घरात कधी मोडला नाही.

दुधाच्या हिशेबानं पाहिलं तर पंढरपुरी म्हैस मुऱ्हाच्या बरोबरीला येत नाही. दिवसाचं सहा-सात लिटर म्हणजे चांगलं. पण वाळल्या कडब्यावर आणि उसाच्या वाड्यावर ती तग धरते, ऊन सोसते, वेळेवर गाभण राहते आणि दुधाला फॅट देते. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत जायचं, दर दहा दिवसांनी बिल निघायचं. माझं डी.एड. त्या बिलांवर झालं. फीची रक्कम हातात देताना आई एवढंच म्हणायची, "रुक्मीला चारा टाकून जा."

दिवाळीच्या पाडव्याला तिचा थाट असायचा. कोल्हापुरात त्या दिवशी म्हशींची मिरवणूक निघते. आदल्या दिवशी आबा तिचं अंग भादरून घ्यायचे, तेल चोळायचे, शिंगांना रंग द्यायचे. गळ्यात कवड्यांची माळ आणि शिंगांच्या टोकांना मोरपिसांचे तुरे. आबांनी नुसती हाक दिली की रुक्मी गर्दीतून वाट काढत त्यांच्या मागोमाग पळत सुटायची. दावं नाही, काठी नाही. आबांचा आवाज तेवढा पुरे.

आणि हीच पुढे अडचण झाली. रुक्मी पान्हा सोडायची ती फक्त आबांना. पहाटे चारला आबा उठून कास कोमट पाण्यानं धुवायचे, पारडू क्षणभर लावून बाजूला बांधायचे आणि गुडघ्यांत चरवी धरून ज्ञानेश्वरांचा हरिपाठ म्हणत धार काढायचे. भिंतीपलीकडे माझी आणि भावाची झोप त्या आवाजातच उलगडायची. आई कधी आबांच्या आजारपणात धारेला बसली तर रुक्मी पाय झाडायची.

२०११ च्या श्रावणात आबा गेले. दुपारी शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. घरी आणेस्तोवर धारेची वेळ झाली. ओसरीवर माणसं दाटलेली, बायकांचा आकांत, आणि गोठ्यात रुक्मी रेकायला लागलेली. तिची कास तटतटली होती. चुलते गेले, शेजारचे तात्या गेले. तिनं कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. पारडानं प्यायलं तेवढंच. आंबोणाला तोंड लावलं नाही.

सुतकात रतीब थांबवता येतो, नैवेद्य थांबवता येतो. म्हशीची कास थांबत नाही. दूध साठून राहिलं तर कासेला दगडी होते, सड कायमचा जातो. आमच्या घरावर दुःख कोसळलेलं असताना सकाळ-संध्याकाळ हा प्रश्न समोर उभाच होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलेलं मला अजून आठवतं. गाईच्या मानानं म्हशीच्या कासेत खाली उतरलेलं दूध फार थोडं असतं. बहुतेक सगळं वर ग्रंथींत असतं. पारडानं ढुशा दिल्या, ओळखीचा हात लागला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, रक्तातून कासेत पोचतं आणि मग पान्हा येतो. भीती वाटली, परका वास आला, रोजची घडी मोडली, की तेच अडतं. म्हैस हट्ट करत नसते, तिच्या हातात ते नसतंच.

यावर झटपट उपाय गावाला ठाऊक होता. तेच ऑक्सिटोसिन बाटलीत मिळतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही असा नियम, तरी मागितलं तर मिळायचं. सुई टोचली की म्हैस उभ्या उभ्या दूध सोडते. एकानं आणूनही दिली बाटली. आईनं ती परत केली. म्हणाली, "तिचं माणूस गेलंय. सुई टोचून माणूस परत येणार हाय का? मी काढतो धार."

दुसऱ्या दिवशी पहाटे आई गोठ्यात जाऊन आबांच्या जागी बसली. कास धुतली, पारडू लावलं, बाजूला घेतलं. रुक्मीनं पाय झाडला, चरवी कलंडली. आईनं ती पुन्हा धुवून घेतली आणि पुन्हा बसली. असे बरेच दिवस गेले. मग एका पहाटे मला आईचा आवाज ऐकू आला. ती हरिपाठ म्हणत होती. आई आयुष्यभर जोतिबाची. वारीला कधी गेली नव्हती, गळ्यात माळ नव्हती. पण इतकी वर्षं भिंतीआडून ऐकून ऐकून तिच्या कानात बरंच बसलं होतं. मधले शब्द गळत होते, चरण मागे-पुढे होत होते. अडलं की ती आधीच्या ओळीवर जाऊन पुन्हा म्हणायची. रुक्मीचे कान मागे वळले. थोड्या वेळानं चरवीत धारेचा आवाज यायला लागला.

डॉक्टर म्हणाले, तिला रोजची घडी परत मिळाली. ते खरंच आहे. आई म्हणाली, विठोबानं माझ्याकडनं म्हणवून घेतलं. तेही मला तितकंच खरं वाटतं, आणि या दोन्हींत मला कधी भांडण दिसलं नाही. आबा गेल्यावर आई कुणाशी बोलत नव्हती, जेवायला बसून ताटावरून उठत होती. पण पहाटे चारला तिला उठावंच लागे, बसावंच लागे, म्हणावंच लागे. आल्यागेल्यांच्या समजावण्यानं जे झालं नाही ते या रोजच्या कामानं केलं. पुढे आई मुद्दाम हरिपाठाची पोथी घेऊन बसली आणि गळलेले शब्द तिनं भरून घेतले.

आठव्या वेतानंतर रुक्मी गाभण राहिली नाही. दूध आटलं. भाकड म्हैस सांभाळणं लहान शेतकऱ्याला किती जड जातं, हे गोठ्याचा खर्च ज्यानं पेलला त्यालाच कळतं. वैरण, पेंड, औषध सगळं चालू आणि येणं काही नाही. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हैस मात्र त्यात नाही. त्यामुळे हेडी दारात आला आणि रोख किंमत सांगून ओसरीवर बसला. भाऊ गप्प होता. कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, त्याला मी दोष देणार नाही. आईनं हेड्याला चहा दिला आणि सांगितलं, "आमचं माणूस गेलं त्या सांजेला ही उपाशी उभी हुती. ही ह्या गोठ्यातनंच जाईल." पुन्हा तो विषय निघाला नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा ती म्हातारी झाली होती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गावातली जनावरं सोनतळीच्या माळाकडे हलवायची ठरलं, तोवर रस्त्यावर पाणी आलं होतं. वासरं बिचकली, तरण्या म्हशी मागे फिरायला लागल्या. भावानं रुक्मीचं दावं सोडलं. ती पाण्यात सरळ उतरली आणि तिच्या शिंगांमागोमाग सगळी दावण चालू लागली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून छातीभर पाण्यातून गेली. त्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे असंख्य जनावरं दावणीलाच बुडाली. आमची सगळी वाचली.

२०२१ च्या माघात ती बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं, कॅल्शियम दिलं. आई दोन रात्री गोठ्यात पोतं टाकून झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी रुक्मी गेली. बांधालगत मोठा खड्डा काढून, मीठ घालून तिला पुरलं. आईनं तिच्या अंगावर आबांचं धोतर पांघरलं आणि मुठीभर गुलाल टाकला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणून दिली, जशी आबांच्या वेळी दिली होती.

आता गोठ्यात रुक्मीची नात आहे, तिसऱ्या वेताची. शिंगं तिचीच, फक्त कपाळावर ठिपका नाही. आईचे गुडघे गेल्यामुळे धार वहिनी काढते. हरिपाठ वहिनीलाही पाठ आहे.