आकडीतला कोयता

मराठी विभागासाठी मी लिहितेय म्हटल्यावर माझी रूममेट आधी पोट धरून हसली. तिचंही बरोबर आहे. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट, मराठी बोललं की दोन रुपये दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मी संपादक मंडळाच्या पदरात टाकते. पण हा विषय इंग्रजीत लिहिताच आला नसता, कारण कोयत्याला इंग्रजीत नीट शब्द मला कधी सुचलाच नाही. सातवीत 'माय ग्रँडफादर' या निबंधात मी लिहिलं होतं की आबा पाठीवर सिकल 'वेअर' करतात. सिस्टरनी 'वेअर'खाली लाल रेघ मारली. सिकल घालत नाहीत, हातात धरतात म्हणे. आता सिकल म्हणजे विळा, तो आबा घालत नाहीत हे खरं. पण कोयता घालतात! कमरेला दोरी, दोरीला मागच्या बाजूला आकडी आणि आकडीत कोयता. सकाळी चहा प्यायला की पंचा, मग आकडी, मग कोयता. तो कमरेला नसला तर आबा अर्धे कपडे घातल्यासारखे दिसतात.

आमचं गाव खारेपाटण. राजापूरकडून हायवेने आलात की सिंधुदुर्गात शिरल्या शिरल्या लागतं ते. पावसाळ्यात बाजारात नदीचं पाणी शिरतं तेव्हा टीव्हीवर आमचं नाव येतं. इतिहासवाल्यांना ते शिलाहार राजा रट्टराजाच्या शके ९३० च्या ताम्रपटामुळे माहीत असतं. बाकीच्यांची एसटी तिथे दहा मिनिटं थांबते, इतकीच ओळख.

तर गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीहून येताना मी सहा असोले नारळ आणि ते सोलायला घरातला एक कोयता बॅगेत घालून आणला. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. कुणाला विचारलं नाही. पडवीत वापराविना पडला होता. हॉस्टेलच्या मागच्या बाजूला नारळ सोलायला बसले, दोन सोलून झाले, तेवढ्यात वॉचमनकाका आले, मग रेक्टर मॅडम आल्या. मॅडम ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळा, हे शस्त्र आहे." मी म्हटलं, "मॅडम, हा कोयता आहे." त्यांनी तो त्याच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळला, वर माझं नाव आणि रूम नंबर लिहिला आणि कपाटात ठेवला. उरलेले चार नारळ मेसच्या मावशींनी फोडले. तेव्हापासून मी अख्ख्या लेडीज हॉस्टेलची 'कोयता गँग'. मेसच्या रांगेत मला पुढे जागा मिळते... घाबरून!

मी पण हसले. नाव मिरवलं सुद्धा. पण मॅडमचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लायब्ररीत कायदा काढून वाचला. (हो, मेकॅनिकलवाले पण लायब्ररीत जातात.) आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रात मोडतं, मात्र घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. आमचा कोयता ११ इंची आणि रुंदीला अडीच. म्हणजे मापाने शस्त्र, कामाने शेतीचं अवजार. वा, मी जिंकले! असं वाटेपर्यंत दुसरं कलम समोर आलं. भारतीय दंड संहितेचं कलम ३२४, आता जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ११८. तिथे पात्याचं माप विचारतच नाहीत. हल्ल्यासाठी वापरली आणि तिने जीव जाऊ शकत असेल, तर कुठलीही वस्तू धोकादायक हत्यारात येते. म्हणजे कोयता शस्त्र आहे की नाही, हे लोहाराच्या भट्टीत ठरत नाही. तो ज्याच्यावर उगारला, त्याच्यापासून ठरतं.

पुण्यात हे सगळं फार लांबचं नाही. २०२२ च्या अखेरीपासून पोरंसोरं कोयते नाचवत गाड्या फोडायला लागली आणि 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोजचा झाला. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत सकाळच्या वेळी एक मुलगा एका मुलीच्या मागे कोयता घेऊन धावला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी त्याला धरलं म्हणून ती वाचली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. मी पाहिला तेव्हा कॉलेजला यायची होते, आणि आई म्हणाली होती, "पुण्याला नको." घरात कोयते असलेली माझी आई!

गंमत बघा. याच शब्दाचा बीडकडे भलताच अर्थ होतो. आमच्या बॅचमधली एक मैत्रीण तिकडची. तिने सांगितलं, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. ती हे सांगत असताना रूममध्ये कुणी हसलं नाही. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर एक कोयता होऊन कारखान्यावर जायचे.

मग मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. (सबमिशन जवळ आलं की असंच होतं.) अवजाराचं हत्यार करणारे आपण एकटे नाही. १८६८ मध्ये क्यूबात स्पेनविरुद्ध उठाव झाला, बंदुका कमी पडत होत्या, तेव्हा मशेटी घेऊन लोक लढले. तीच, ऊस तोडायची. पोलंडमध्ये १७९४ साली रात्सवावित्सेच्या लढाईत शेतकरी गवत कापायचे विळे घेऊन रशियन तोफांवर धावले. पण त्यांना आधी ते विळे लोहाराकडून दांड्याच्या रेषेत सरळ करून घ्यावे लागले होते, भाल्यासारखे. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मध्ये एक लोहार होता. रागाला थांबायला भट्टी पेटेपर्यंतचा तरी वेळ होता.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण माझ्याच मजल्यावर निघालं. कोडगूची एक सीनियर आहे. तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो बघताना मी ओरडलेच, "अगं, हा तर आमचा कोयता!" नवऱ्यामुलाच्या बाजूचा माणूस उभ्या रोवलेल्या केळीच्या खांबावर घाव घालत होता. त्याच्या हातात रुंद, जड, आतल्या बाजूने वळलेलं पातं होतं. त्याचं नाव ओडिकत्ती. आणि ती अडकवायची कुठे? पाठीला, कमरपट्ट्यावर, पितळी तोडंगात! म्हणजे आमची आकडीच, फक्त श्रीमंत घरातली. कोडवांकडे ते खरोखर लढाईचं हत्यार होतं. १८६१ मध्ये इंग्रजांनी त्यांना शस्त्रबंदीतून सूट दिली होती. आता ओडिकत्ती लग्नात केळ कापते. एक पातं रणातून मांडवात येऊन बसलं.

मग आपल्या कोयत्याला लढाईत मान का नाही? आपल्या मर्दानी खेळात तलवार आहे, भाला आहे, दांडपट्टा आहे (२०२४ च्या शिवजयंतीला तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला). कोयत्याचा खेळ मी तरी बघितला नाही. कारण डिझाइनमध्ये आहे. आमच्याकडचे कोयते लोहार बहुतेक ट्रकच्या जुन्या पाट्यापासून करतो. स्प्रिंग स्टील, कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वर. तापवून ठोकायचं, धारेला पाणी द्यायचं. वजन पात्याच्या पुढच्या भागात ठेवायचं आणि टोक आत वळवायचं, म्हणजे शिरड निसटत नाही आणि घाव खोल जातो. तलवारीचा तोल मुठीजवळ असतो, त्यामुळे ती मारता येते तशी मागेही घेता येते. कोयता मागे घेता येत नाही. एकदा सुटला की त्याचं स्वतःचं वजन त्याला नेतं. मुठीपुढे हाताला आडोसा नाही, टोक वळलेलं म्हणून भोसकता येत नाही. आबांना मी हे सगळं फोनवर समजावलं तर ते म्हणाले, "अगो बाय, झाड पळता काय? कोयतो झाडासाठी केलेलो. झाड हात आडवो घालणा नाय."

हात आडवा घालत नाही...

आता जे हॉस्टेलमध्ये कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. इतके दिवस 'कोयता गँग' म्हणून हसत होते ना, म्हणून.

मी चौथीत होते. मे महिना, वई घालायचे दिवस. पप्पा सकाळपासून शिरडी तोडत होते. बांधावर एक फणस आहे, तो आमचा की काकांचा हे आबांच्या वडिलांपासून ठरलेलं नाही. काका, म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ, बांधावर आले. आवाज चढले. मी तांब्या घेऊन पाणी द्यायला चालले होते, वीस पावलांवर असेन. पप्पांनी "जा, जा" म्हणत हात उचलला आणि खाली आणला. काकांनी डावा हात आडवा घातला. मला आधी आवाज आठवतो, मग तांब्या पडल्याचा आवाज. आबा धोतर सावरत धावत आले आणि त्यांनी आपला पंचा काकांच्या हाताला करकचून बांधला.

काका वाचले. नऊ टाके पडले, दोन बोटं अजून वळत नाहीत. पोलिसांत कुणी गेलं नाही, घरातली भानगड घरात. काका माडावर चढायचे, ते बंद झालं. आमच्याकडचं कार्य त्यांना चालत नाही, त्यांच्याकडचं आम्हाला. पप्पांनी त्या दिवसापासून कमरेला आकडी बांधली नाही. एकदाच, मी बारावीत असताना, ते आपणहून बोलले. माझ्याकडे न बघता. "हातात कोयतो होतो ह्याच माका कळाक नाय." दिवसभर तोडत होते, हात आणि कोयता एक झाले होते. ढकलायला म्हणून हात उचलला, तर त्याच्या पुढे ११ इंच जास्त होते.

यावर विश्वास ठेवावा असं मला फार वाटतं. डायनॅमिक्स शिकल्यावर मी गणित मांडलं. नारळ घेऊन आले त्या रात्री तो कोयता बोटावर तोलून त्याचा गुरुत्वमध्य काढला, मेसच्या काट्यावर वजन केलं. ९०० ग्रॅमला थोडं कमी. खांद्यापासून अंतर, हाताचा वेग अंदाजाने. मला सिद्ध करायचं होतं की काकांचा हात आडवा आल्यावर पप्पांना घाव थांबवणं शक्यच नव्हतं. माणसाला बघून हालचाल करायला ०.२ सेकंद लागतात असं धरलं तर पप्पा सुटतात. काकांनी हात जरा आधी घातला असं धरलं तर सुटत नाहीत. तीन पानं गणित केलं आणि उत्तर मी धरलेल्या आकड्यातच बसलेलं होतं. सरांना दाखवलं असतं तर त्यांनी 'अझम्प्शन चेक कर' असं लिहिलं असतं. कसं चेक करणार?

आबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, पप्पांनी मुद्दाम मारला? आबा बराच वेळ गप्प होते. फोन कट झाला असं वाटलं मला. मग म्हणाले, "फणस यंदा भरान लागलोहा. खावक ये." एवढंच.

तर रेक्टर मॅडमच्या कपाटात माझ्या नावाने आहे, तो तोच कोयता आहे. टर्म संपताना सामान परत नेण्याची नोटीस लागली होती. हीटरवाल्या, इस्त्रीवाल्या सगळ्या जाऊन सह्या करून आपापलं घेऊन आल्या. मी दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले. मॅडम, तो अजून तुमच्याकडेच राहू दे.

— टी. ई. (मेकॅनिकल)