दुर्बिणीच्या मालकाचं गाव

हर्मन कॅलनबॅक हे नाव मला शाळेत भेटलं, ‘सत्याचे प्रयोग’ वाचताना. १९१४ साली लंडनला जाताना बोटीवर त्यांच्या महागड्या दुर्बिणीवरून गांधीजींशी रोज वाद व्हायचा. शेवटी कॅलनबॅकनीच होकार दिला आणि गांधीजींनी ती सात पौंडांची दुर्बीण समुद्रात भिरकावली. त्या वयात मला हळहळ वाटली ती दुर्बिणीची.

पुढे वर्ध्याला नोकरी लागली, सेवाग्रामला जाणं-येणं वाढलं आणि हळहळ माणसाकडे वळली. जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला देणारे हे वास्तुशिल्पकार. मठात जाऊन चपला शिवायला शिकले आणि ती कला त्यांनी गांधीजींना शिकवली. असा माणूस सोबत भारतात का आला नाही? बोट पोहोचायच्या दोनच दिवस आधी ब्रिटन जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरलं होतं आणि कॅलनबॅक जर्मन नागरिक होते. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी परवानगी नाकारली. पुढे इंग्रजांनी त्यांना स्थानबद्धही केलं.

या जर्मनपणाचा माग काढता काढता मी कॅलनबॅक जिथे वाढले त्या रुस्नेला पोहोचले. नेमुनास नदीला जिथे फाटे फुटतात, तिथल्या बेटावरचं हे कोळ्यांचं गाव आज लिथुआनियात आहे. बर्फ वितळलं की नदी चढायची आणि गावाचा रस्ताच पाण्याखाली जायचा. जवळच्या कुरोनियन खाडीत मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी १८४४ मध्ये फर्मान निघालं होतं: प्रत्येक गावच्या होड्यांनी डोलकाठीवर आपापल्या ठरलेल्या रंगाचं निशाण लावायचं. लांबूनच कळावं, कोण कुठला. कोळ्यांनी त्या सक्तीच्या निशाणांना लाकडात कोरलेली घरं, झाडं, माणसं जोडून त्यांचं लेणं केलं. मला हे फार आवडतं.

माणसांची निशाणं मात्र राज्यकर्ते ठरवत होते. कॅलनबॅक १८७१ मध्ये जन्मले झेमाइचू नाउमिएस्तिसला, रशियन साम्राज्यात. वाढले सीमेपलीकडे रुस्नेत, जर्मन अमलाखाली. १९२३ मध्ये रुस्ने लिथुआनियाकडे आलं. नाउमिएस्तिसच्या ज्यूंची नाझींच्या काळात, १९४१ मध्ये कत्तल झाली. कॅलनबॅक ज्यू होते, हे मी इतकी वर्षं नुसतं वाचून पुढे जात होते. आता तसं जाववत नाही.

रुस्नेत २०१५ पासून गांधीजी आणि कॅलनबॅक यांचा जोडपुतळा आहे. प्रत्यक्षात ताटातुटीनंतर त्यांची भेट झाली ती थेट १९३७ मध्ये. १९३९ साली कॅलनबॅक पुन्हा आले, सेवाग्रामला राहिले, मलेरियाने आजारी पडले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हिटलरने रुस्ने घेतलं आणि तिथल्या ज्यूंना घरंदारं सोडून पळावं लागलं.