घाम आणि गारवा

पदार्थाच्या तीन अवस्था शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य फळ्यावर लिहीत आलो: ‘घामामुळे शरीर थंड होते.’ मुले ते परीक्षेत उतरवीत व आम्ही गुण देत असू. गेल्या जुलैत लालबागेहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, माझे आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात होते. सदरा पिळावा इतका घाम येई, पण गारवा म्हणून वाटत नसे, असे ते सांगतात. मग हे वाक्य खरे कसे?” वर्ग हसला. आम्हांस हसू आले नाही. कारण उत्तर तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात दोन उष्णतामापके टांगली आणि एकाच्या गोळ्यास ओले फडके गुंडाळले. कोरड्याहून ओल्याचा पारा जेमतेम दोन अंश खाली उतरला. हाच प्रयोग एप्रिलमध्ये सोलापुरास केला असता अंतर पुष्कळ अधिक पडते. असे का व्हावे?

एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. परंतु त्वचेवरील एक ग्रॅम घामाची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात, आणि त्या मुख्यतः शरीरातूनच घेतल्या जातात. अर्थात गारवा घामात नाही, घाम उडून जाण्यात आहे. मुंबईची पावसाळी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तेथे थेंब वाफ न होता ओघळून जातो. शरीरातील पाणी व मीठ खर्ची पडते, उष्णता मात्र आतच राहते. पंखा त्वचेलगतची दमट हवा दूर सारतो, म्हणूनच थोडे बरे वाटते.

आता गिरणीकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवास मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ-लालबाग गिरण्यांनी भरून गेले. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते, यास्तव साचेखात्याच्या हवेत मुद्दाम ओलावा सोडीत. ज्या बाष्पाने धागा वाचे, तेच बाष्प विणणाऱ्याचा घाम वाळू देत नसे. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु आजोबांच्या अंगाने नोंदविलेले निरीक्षण अचूक होते. चूक आमच्या वाक्यात होती.

विद्यार्थिमित्रहो, दमट दिवशी खेळताना अधूनमधून सावलीत बसा, पाणी प्या. उन्हाने वा उकाड्याने कोणी बरळू लागला, तर त्याचे अंग ओले करून वारा घाला व विनाविलंब डॉक्टरांस बोलवा.

आम्ही फळ्यावरील वाक्य पुसून नवे लिहिले: ‘घाम उडून जातो, तेव्हा शरीर थंड होते.’ आदामाच्या वाट्यास आलेल्या घामाविषयी आम्ही बालपणापासून ऐकत आलो होतो. तो वाळतो की नाही, हा प्रश्न मात्र या मुलाने विचारीपर्यंत आमच्या मनात आला नव्हता.