आईने मेकाँगचं पाणी चाखलं

आईच्या लेखी बोटीचा प्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच. भरतीची वेळ बघायची, मळमळू नये म्हणून हातात लिंबू धरायचं आणि पलीकडे उतरून एस.टी. पकडायची. त्यामुळे सिंगापूरच्या बंदरात उभी असलेली ती अवाढव्य क्रूझ बघून ती एवढंच म्हणाली, ''ही गाळात रुतली तर काढणार कोण?''

मी हसले. पण तिचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. तिसऱ्या दिवशी व्हिएतनामला पोहोचलो, तेव्हा आमची बोट हो ची मिन्ह सिटीच्या जवळपासही गेली नाही. नदीतून शहरापर्यंत एवढं मोठं जहाज नेता येत नाही, म्हणून ते अलीकडे फू मी बंदरात थांबतं. तिथून बसने शहर बघायला जा, नाहीतर मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात जा. बहुतेक सगळे शहराकडे गेले. आई म्हणाली, ''मुंबई बघितलीय की मी. नदी बघू.''

या सहलीमागची गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. तिकीट दादाने काढलं होतं. बाबा गेल्यापासून आई कुठेच गेली नव्हती, म्हणून. हे खरंच, पण तेवढंच खरं नव्हतं. आमची पेण-अलिबागकडे खारेपाटात थोडी शेती आहे. खाडीच्या बांधाला खांड पडली आणि दुरुस्ती काही झाली नाही. आता प्रत्येक उधाणाला खारं पाणी खाचरात येतं. बाबा तिथे राता भात पेरायचे. खारं सोसणारा, जाड, लालसर भात. तोही पुढे येईनासा झाला. आता एका कोपऱ्यात तिवरं उगवली आहेत. एक गिऱ्हाईक आलं होतं. दादाने कागद तयार करून घेतले होते, आईची सही तेवढी राहिली होती आणि आई ''बघू'' म्हणत होती. निघताना दादाने ते कागद माझ्या बॅगेत घातले. ''तिचा मूड बघून विषय काढ,'' म्हणाला. माझ्या घराचे हप्ते चालू आहेत. मी नाही म्हटलं नाही.

फू मीहून मी थो गावापर्यंत जवळजवळ तीन तासांचा रस्ता. गाईड पंचविशीतला मुलगा होता. त्याने बसमध्ये आईला ''बा, बा'' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आई दचकलीच. ''अगं, बा म्हणजे बाप ना?'' त्यांच्याकडे बा म्हणजे आजी, हे कळल्यावर मात्र खूष झाली.

मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असे देश ओलांडत चार हजार किलोमीटरहून जास्त वाहून इथे समुद्राला मिळते. व्हिएतनामी लोक तिला इथे 'कूउ लाँग' म्हणतात, म्हणजे नऊ ड्रॅगन. पूर्वी ती नऊ मुखांनी समुद्राला मिळायची, म्हणून हे नाव. तिने वाहून आणलेल्या गाळाची ही जमीन इतकी सपाट आहे, की बराचसा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच. देशातला निम्म्याहून अधिक तांदूळ इथे पिकतो. काही भागात वर्षाला तीन पिकं घेतात, असं गाईडने सांगितलं, तेव्हा आईने मला कोपराने ढोसलं. ''तीन! आपलं एक निघालं तरी देवाला नारळ फोडायचो.''

खिडकीतून भातशेती दिसत होती, मध्येच सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा. आणि शेतांमध्येच रंगीत, छोट्या देवळांसारखं काहीतरी बांधलेलं. आईने तिथे हात जोडलेसुद्धा. गाईड म्हणाला, ''ती थडगी आहेत, बा. इथले लोक घरच्या वडीलधाऱ्यांना आपल्याच शेतात पुरतात.'' आई पुढची बरीच वाट काही बोलली नाही. मी बॅग मांडीवरून काढून पायाशी ठेवली.

मी थोच्या धक्क्यावर मोटरबोटीत बसलो. मेकाँगची ही तिएन नावाची शाखा. पाणी चहात दूध जरा जास्त पडल्यासारखं. समोर चार बेटं, त्यांची नावं ड्रॅगन, कासव, फिनिक्स आणि युनिकॉर्न. डोक्यावरून एक लांबच लांब पूल गेलाय, राक मिएव नावाचा. २००९ साली तो झाला, त्याआधी पलीकडच्या बेन त्रेला जायला फेरीबोटीशिवाय मार्ग नव्हता. शेजारून रेती भरलेले पडाव चालले होते, इतके वाकलेले की काठ आणि पाणी यात वीतभरच अंतर. बऱ्याच होड्यांच्या नाळेवर लाल रंग आणि दोन मोठाले डोळे रंगवलेले. वाट दिसावी आणि पाण्यातल्या वाईट शक्ती दूर राहाव्यात म्हणून. आई म्हणाली, ''आपले कोळी पूजा करतात, हे डोळे काढतात. भीती तीच.''

मग तिने वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

''आई! काय करतेस!'' मी ओरडलेच. बाकीचे प्रवासी बाटलीबंद पाण्याने हात धूत होते.

''मचूळ आहे,'' आई म्हणाली. ''समुद्र इथून लांब नाही.''

गाईडला मी भाषांतर करून सांगितलं, तर तो गंभीर झाला. मार्च महिना होता. कोरड्या दिवसांत नदीला पाणी कमी झालं की समुद्र आत सरकतो, पावसाळ्यात नदी त्याला पुन्हा बाहेर ढकलते. हे पूर्वापार चालत आलेलंच. पण २०१६ आणि २०२० या दोन्ही वर्षी तो फारच आत आला. भातं जळली, फळबागा गेल्या, पिण्याचं पाणी बोटींनी आणि टँकरने आणावं लागलं. वरच्या देशांतल्या धरणांनी गाळ अडवलाय, पात्रातली रेती उपसली जातेय, विहिरींच्या उपशाने जमीन खचतेय आणि समुद्र वर येतोय, अशी चारी बाजूंनी कोंडी. माणसांनी बांध घातलेत, नदीवर दारं बसवलीत, भरती आली की मिटणारी. ''म्हणजे उघाडी,'' आई मला म्हणाली. ''त्याला सांग, आमच्याकडेही आहेत. पण उघाडीची फळी कुजली तर बदलायला माणूस लागतो.''

पहिला मुक्काम नारळाच्या वड्यांचा. बेन त्रे म्हणजे नारळाचा मुलूख. पूर्वी तो स्वतंत्र प्रांत होता, २०२५ मध्ये विन्ह लाँग प्रांतात विलीन झाला. इथला नारळाचा गोळा आपल्या वडीपेक्षा निराळा. खोबरं किसून, दाबून दूध काढतात, ते धान्याच्या माल्टच्या पाकात आणि साखरेत मोठ्या कढईत आटवतात, पट्ट्या कापतात आणि तांदळाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळतात. पापुद्र्यासकट खायचं. तिथल्या बायांचे हात इतके भराभर चालत होते की आई खुर्ची ओढून बसलीच. एका टोकदार लोखंडी खुंटावर नारळ आपटून सोडण काढणाऱ्या माणसाकडे बघून म्हणाली, ''तुझे बाबा याच्यापेक्षा लवकर सोलायचे.'' हे खरं आहे की नाही ते मला आठवत नाही. मी पाच पाकिटं घेतली, आईने एक. वाळलेल्या जलपर्णीच्या देठांची विणलेली पिशवी मात्र तिने हौसेने घेतली. आपल्याकडे ज्या जलपर्णीला सगळे शिव्या देतात, तिच्या इथे टोपल्या, चटया, पिशव्या होतात.

जेवणात आख्खा तळलेला मासा आला. लाकडी स्टँडवर उभा केलेला, खवले कुरकुरीत फुललेले. हत्तीच्या कानासारखा म्हणून त्याचं नाव हत्तीकान. तो पाल्याबरोबर तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळून खायचा. आणि नेमका त्या दिवशी गुरुवार! खारेपाटातली बाई, समोर असला मासा, आणि गुरुवार. तिने निश्चयाने भात आणि अननस खाल्ला आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली.

दुपारी युनिकॉर्न बेटावर, म्हणजे थोई सनवर, एका बागेत नेलं. मध घातलेला चहा, ड्रॅगन फ्रूट, पेरू आणि पेरूबरोबर मीठ-तिखट! आईचा चेहरा उजळला. स्थानिक कलाकारांनी गाणी म्हटली. दक्षिण व्हिएतनामच्या या घरगुती बैठकीच्या संगीताला युनेस्कोने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. ते गाणं फार संथ होतं, तारा ओढून ओढून रडवणारं. पण पर्यटकांना टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून ते लवकर आटोपतात. मला ते जरा खटकलं.

आई मात्र मागच्या अंगणात गेली होती. मी शोधत गेले तर ती मातीच्या मोठाल्या रांजणांपाशी उभी. कमरेएवढे पाच-सहा रांजण, पावसाचं पाणी साठवायला. शेजारी फळं कापणारी बाई, आईच्याच वयाची, डोक्यावर ती शंकूसारखी टोपी. दोघी हातवारे करून बोलत होत्या आणि दोघींना वाटत होतं की समोरचीला कळतंय. मी गाईडला बोलावून आणलं.

आईने विचारलं, ''खारं पाणी घुसल्यावर जमीन किती वर्षांनी सुधारते?''

बाई म्हणाली, बांध टिकला आणि पाऊस चांगला झाला तर मीठ धुऊन जातं. पण तेवढ्यात पुन्हा येतं ना. तिची जमीन पलीकडे, बेन त्रेच्या बाजूला. पोमेलोची बाग होती, म्हणजे पपनस. २०१६ मध्ये पानं करपली, उरलेली झाडं २०२० ने नेली. मुलगा शहरात कारखान्यात गेला. ती इथे पर्यटकांना फळं कापून देते.

मला वाटलं, आता ही बाई मातीवरच्या मायेचं काही तरी सांगणार आणि माझं काम आणखी अवघड करणार.

''मग विकली नाही?'' आईने विचारलं.

''विकली की,'' बाई हसून म्हणाली. ''करपलेली विकली. घरामागचा तुकडा ठेवला. सासूसासरे आहेत तिथे. आणि नारळ. नारळ खारं सोसतो थोडं.''

आईने मान डोलावली. पिशवीतून आपल्या पाकिटातल्या दोन वड्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. बेन त्रेच्या बाईला बेन त्रेच्याच वड्या! बाईने त्या कपाळाला लावाव्यात तशा दोन्ही हातांनी घेतल्या.

त्यानंतर सगळेजण ज्यासाठी येतात तो भाग. अरुंद ओहोळातून सांपानची, म्हणजे वल्ह्याच्या होडीची सफर. पुढे एक बाई, मागे एक बाई, दोन्हीकडून पाण्यात उगवलेल्या निपा माडांच्या झावळ्या कमान करून आलेल्या. आत हिरवा काळोख आणि फक्त वल्ह्याचा आवाज. अर्थात मधूनमधून समोरून पर्यटकांची दुसरी होडी येते आणि सगळे एकमेकांचे फोटो काढतात, हेही सांगायला हवं. परतताना दुरून फिनिक्स बेट दिसलं. तिथे एक 'नारळसाधू' राहायचे. फ्रान्समध्ये शिकलेले, युद्धाच्या काळात शांततेसाठी स्वतःचा पंथ काढलेले. ते म्हणे नारळावरच जगायचे. १९९० साली वारले. त्यांनी उभारलेले ड्रॅगन गुंडाळलेले खांब अजून आहेत. आई म्हणाली, ''नुसत्या नारळावर? पित्त झालं असेल.''

बसमध्ये सगळे पेंगत होते. अंधार पडायला लागला होता. आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, ''दादाने कागद तुझ्याकडे दिलेत ना?''

माझे कान तापले. ''तुला कोणी सांगितलं?''

''सिंगापूरपासून बॅग छातीशी धरून फिरतेयस. रात्री दे. चष्मा लावून वाचते.''

केबिनमध्ये तिने ते कागद पलंगावर पसरले. बोट ओळींवरून फिरवत, एक एक सर्वे नंबर पुटपुटत वाचले. मी एकदाही धड वाचले नव्हते, हे मला तेव्हा जाणवलं. खाचरांचे तीन नंबर आणि चौथा घरामागचा. बाबांनी लावलेले अकरा माड आहेत तो. तिथे खारं पाणी येत नाही. बाबांची राख आम्ही खाडीत सोडली, पण थोडी आईने त्या माडांच्या आळ्यात घातली होती. हे मला त्या रात्री कळलं.

''दादाने मुद्दाम घातला असेल असं नाही,'' ती म्हणाली. ''गिऱ्हाईकाने मागितला असेल, हा हो म्हणाला असेल. तो पहिल्यापासून असाच. त्याला फोन कर. चौथा नंबर काढून नवीन कागद आण म्हणावं. खाचरांवर मी सही करते.''

''गिऱ्हाईक नाही म्हणालं तर?''

''तर नाही म्हणेल.''

फोन दुसऱ्या दिवशी बोटीच्या महागड्या वायफायवर लागला. दादा बराच वेळ गप्प होता. भाव खाली येईल, म्हणाला. येईलच, मी म्हटलं. माझ्या वाट्याचा हिशेब मी मनात पुन्हा करून पाहिला. जमत नव्हता.

आई तोवर गॅलरीत उभी होती. शुक्रवार होता. तिने वळून विचारलं, ''अगं, या बोटीवर तो हत्तीकान मिळतो का, विचारून बघ ना.''